नवे तंत्र आणि नवे शब्द : भाषेत काय येते, काय रुजते

प्रश्न थोडक्यात असा आहे : तंत्रज्ञान बदलले की भाषेत नवे शब्द नेमके कोणत्या वाटांनी येतात, त्यांतले काही रुजतात आणि काही कोशातच पडून राहतात ते कशामुळे, आणि परभाषेतून इतके शब्द घेतल्याने मराठीसारखी भाषा दुबळी होते का? परिभाषा घडवणे, तांत्रिक मजकुराचे भाषांतर करणे आणि संगणकावरच्या व फोनवरच्या प्रणालींचे मराठीकरण करणे हे माझे अनेक वर्षांचे काम आहे. त्यातून बनलेले मत आधीच सांगतो, म्हणजे पुढचे विवेचन कुठे चालले आहे ते कळेल. शब्द टिकेल की नाही हे त्याच्या कुळावर, म्हणजे तो संस्कृत आहे, देशी आहे की इंग्रजी आहे यावर, फारसे ठरत नाही. वस्तू पहिल्यांदा हाती देणाऱ्या माणसाने ती देताना कोणता शब्द उच्चारला आणि तो शब्द आपल्या व्याकरणात किती मोकळेपणाने वावरतो, या दोन गोष्टींवर ते मुख्यतः ठरते.

मराठीच्या शब्दसंग्रहातले थर उलगडले, तर कोणते तंत्र कोणाच्या हातून आपल्याकडे आले हे बऱ्याच अंशी समजते. कागद, शाई आणि दौत हे शब्द फारसीच्या वाटेने आले, कारण कागदावर चालणारा राज्यकारभार त्या भाषेत होता. तोफ मूळची तुर्की आणि बंदूक मूळची अरबी, पण दोन्ही मराठीत पोहोचल्या त्या फारसीतून. दारूगोळ्यातली दारूही फारसीच, आणि तिचा तिथला मूळ अर्थ औषध असा आहे. चष्मा आणि दुर्बीण यांची नावेही तिकडचीच. पोर्तुगिजांच्या संपर्कातून काडतूस आणि पिस्तूल आले, तसेच चावी, बिजागरी, घमेले, पगार आणि लिलाव हेही आले, म्हणजे शस्त्राबरोबर सुतारकाम, बांधकाम आणि व्यापार यांचीही भाषा आली. १८५३ मध्ये मुंबई ते ठाणे आगगाडी धावू लागल्यावर स्टेशन, तिकीट, इंजिन, सिग्नल, गार्ड असे शब्द एकदमच आले. वस्तू एकटी येत नसते. तिला चालवणारा, दुरुस्त करणारा, विकणारा आणि तिचे नियम सांगणारा असे सगळे तिच्याबरोबर येतात, आणि शब्द त्या माणसांच्या बोलण्यातून पसरतात. उसनवारीचा अभ्यास करणाऱ्याचे केवळ कोश पाहून भागत नाही. कोणी कोणाला काम शिकवले हेही पाहावे लागते.

नव्या वस्तूला नाव द्यायच्या भाषेपुढच्या वाटा मोजक्याच असतात. परका शब्द ध्वनीसकट घ्यायचा, जुन्या शब्दाचा अर्थ ताणायचा, अर्थ उलगडून नवा शब्द घडवायचा, किंवा अर्धा परका आणि अर्धा आपला असा जोडशब्द करायचा. आयनार हाउगेन या भाषाशास्त्रज्ञाने १९५० मध्ये केलेले उसनवारीचे वर्गीकरण आजही वापरले जाते, ते साधारण याच धर्तीवरचे आहे. वीजमीटर, तिकीटबारी, मोबाइलधारक, आगबोट हे जोडशब्दांचे नमुने सर्वांच्या परिचयाचे आहेत, त्यांच्याबद्दल जास्त सांगण्यासारखे नाही. अर्थ ताणण्याची वाट मात्र अधिक लक्ष देण्यासारखी आहे, कारण तिच्यावरून जाताना भाषेने काही नवे केले आहे हे बोलणाऱ्याच्या लक्षातही येत नाही.

वीज आकाशात चमकत होती. ती तारेतून घरात आली तेव्हा नवा शब्द करावा असे कोणाला वाटले नाही, आणि आता वीजबिल, वीजपुरवठा, वीजचोरी असे शब्द त्या दोन अक्षरांभोवती सहज तयार होतात. पुराणातल्या देवांचे विमान विसाव्या शतकात माणसांना घेऊन उडू लागले. पाण्यात बुडी मारणाऱ्या पाणबुड्यावरून युद्धनौकेला पाणबुडी हे नाव मिळाले. धातूची तार संदेशाची तार झाली, आणि ‘तार आली’ या दोन शब्दांनी घरात धस्स होण्याइतका तिचा अर्थ गडद झाला. २०१३ च्या जुलैमध्ये भारतातली तारसेवा बंद झाली आणि तार पुन्हा धातूचीच उरली. घड्याळाची गोष्ट याहून जुनी आहे. घटिका मोजण्यासाठी पाण्यात सोडलेले भोक पाडलेले भांडे भरून बुडे, त्या घटिकेशी या शब्दाचे नाते आहे. पाणी गेले, चाके आली, चाकांच्या जागी स्फटिक आला, आता मनगटावरचे घड्याळ नाडीचे ठोकेही मोजते, आणि शब्द तोच आहे. ज्या नावात यंत्राची रचना उघडपणे सांगितलेली नसते, किंवा सांगितलेली असली तरी बोलणाऱ्याला ती आता दिसत नाही, ते नाव यंत्र बदलले तरी अडत नाही.

छापखान्याचे उदाहरण थोडे जवळून पाहू. शिशाच्या मिश्रधातूचे सुटे अक्षर मराठी छापखान्यात आले तेव्हा कारागिरांनी त्याला खिळा म्हटले. ते दिसायला तसेच होते, बारीक, उभे आणि टोकाला अक्षर असलेले. मग खिळे जुळवणे हे काम झाले आणि ते करणारा खिळेजुळारी किंवा नुसता जुळारी झाला. कामाला जुळणी म्हणू लागले, त्यातून अक्षरजुळणी आली. जुळारी समोरच्या खणांतून एकेक खिळा उचलून हातातल्या पट्टीत बसवत असे आणि खिळ्यावरचे अक्षर उलटे असे, त्यामुळे उलटे अक्षर सुलटे वाचण्याची त्याच्या डोळ्याला सवय असे. हा सगळा शब्दसमूह कोणत्याही समितीने ठरवलेला नाही. काम करणाऱ्यांनी कामाच्या ठिकाणी तो घडवला. पुढे खिळे गेले आणि संगणकावर पाने लागू लागली, तरी आजही कोणतेही मराठी पुस्तक उघडून मुद्रणाच्या तपशिलाचे पान पाहिले तर तिथे बहुधा ‘अक्षरजुळणी’ असेच छापलेले असते. खिळा यंत्राबरोबर गेला आणि जुळणी राहिली, याचे कारण असे की खिळा हे वस्तूचे नाव होते आणि जुळवणे ही क्रिया होती. क्रियांचे शब्द नामांपेक्षा चिवट असतात, ही गोष्ट पुढे पुन्हा लागणार आहे.

रचनेवरून केलेले नाव कसे अडते हे आगगाडीने दाखवले. पहिल्या प्रवाशांना डोळ्यांसमोर आग आणि धूर दिसत होता, म्हणून ते नाव चपखल होते. १९२५ मध्ये मुंबईत विजेवरची गाडी सुरू झाली आणि नावातला पहिला भाग निराधार होऊ लागला. आज आगगाडी हा शब्द लेखनात आणि लहान मुलांच्या गाण्यांत भेटतो, रोजच्या बोलण्यात ट्रेन आणि रेल्वे आहेत, पण गाडी टिकून आहे. ‘गाडी सुटली’, ‘गाडी चुकली’, ‘गाडी लेट आहे’ यांत तिला कुठल्याही विशेषणाची गरज पडत नाही.

आता ध्वनीसकट घेतलेल्या शब्दांकडे वळतो, कारण लोकांची चिंता मुख्यतः त्यांच्याबद्दल असते. परका शब्द भाषेत आला म्हणजे काम संपले असे नसते. व्याकरण त्याला आपल्यात घ्यायला लागते तेव्हा खरी प्रक्रिया सुरू होते, आणि मराठीत तिचे मोजमाप करणारे एक उत्तम साधन आहे, ते म्हणजे सामान्यरूप. प्रत्यय लागण्यापूर्वी मराठी नाम आपले रूप बदलते : घर, घरात, पुस्तक, पुस्तकाचे. जुन्या इंग्रजी शब्दांनी हा नियम निमूट पाळला. आपण तिकिटाचे पैसे म्हणतो, इंजिनात बिघाड झाला म्हणतो, टेबलावर ठेव म्हणतो. पण मोबाइलात, इंटरनेटावर, लॅपटॉपाचा असे सहसा कोणी म्हणत नाही. मोबाइलमध्ये, इंटरनेटवर, लॅपटॉपचा असेच म्हणतात. याचे कारण शब्दांच्या वयात पूर्णपणे सापडत नाही, कारण फोन हा जुना शब्द असूनही आपण फोनवरच बोलतो. मला पटणारे कारण असे आहे की तिकीट आणि इंजिन ज्यांच्या तोंडी रुळले त्यांच्यातल्या बहुतेकांना इंग्रजी येत नव्हते, त्यामुळे त्यांनी त्या शब्दांना मराठी शब्दांसारखेच वागवले. प्लॅटफॉर्मचा फलाटही असाच झाला. आजचे शब्द दोन भाषा येणाऱ्यांच्या तोंडून येतात, आणि त्यांना शब्दाचे मूळ रूप मोडावेसे वाटत नाही. परकेपणा शब्दात कमी आणि बोलणाऱ्याच्या जाणिवेत जास्त असतो.

लिंगाच्या बाबतीत मात्र सुटका नाही. मराठीत लिंगाशिवाय नाम वाक्यात उभेच राहत नाही, त्यामुळे प्रत्येक नव्या शब्दाला तो, ती किंवा ते यांपैकी काहीतरी व्हावेच लागते. बस, ट्रेन आणि कार स्त्रीलिंगी झाल्या, कारण त्यांच्यामागे गाडी उभी होती. ई-मेलच्या बाबतीत अजून एकमत नाही. मनात पत्र असलेला ‘ते’ म्हणतो, ‘मेल आली’ म्हणणारेही पुष्कळ आहेत आणि ‘मेल आला’ म्हणणारेही आहेत. लाइट या शब्दाने तर कमाल केली आहे. दिवा या अर्थी अनेकजण ‘लाइट लावला’ म्हणतात आणि वीजपुरवठा या अर्थी तेच लोक ‘लाइट गेली’ म्हणतात. एका इंग्रजी शब्दाचे मराठीने लिंगभेदाने दोन शब्द केले, एकामागे दिवा ठेवला आणि दुसऱ्यामागे वीज. हे घडवणाऱ्यांपैकी कोणीही व्याकरणाचा विचार करत बसलेले नव्हते.

सर्वांत समृद्ध भाग क्रियापदांचा आहे, आणि उसनवारीवरच्या चर्चेत तोच सहसा सुटतो. आपण फोन लावतो, उचलतो, ठेवतो आणि कापतो. फोटो काढतो, कारण त्याआधी आपण चित्र काढत होतो. मेसेज टाकतो, कारण पत्र पेटीत टाकत होतो. स्टेटस ठेवतो, मोबाइल चार्जिंगला लावतो, मिस कॉल देतो. यांपैकी एकही क्रियापद इंग्रजीवरून घेतलेले नाही. नाम परके असले तरी त्या वस्तूशी माणूस काय करतो हे सांगणारी क्रिया मराठीने आपल्या जुन्या अनुभवातून निवडली आहे, आणि ती निवड इतकी नेमकी आहे की मराठी शिकणाऱ्या परक्या माणसाला नाम लगेच कळते पण क्रियापद चुकते. ‘फोन फिरव’ हा प्रयोग अजूनही ऐकू येतो, आकडे फिरवायची तबकडी गेली तरी. जिथे अशी क्रिया सापडत नाही तिथे मराठी ‘करणे’ आणि ‘होणे’ यांची मदत घेते : डाउनलोड करणे, डिलीट होणे, हँग होणे. परक्या धातूला थेट मराठी प्रत्यय लावणे आपल्याकडे विरळा आहे. जपानीने गुगलपासून ‘गुगुरु’ असे सरळ क्रियापद केले, जर्मन भाषेतही इंग्रजी धातूंना जर्मन प्रत्यय बिनदिक्कत लागतात. मराठीत आंतरजालावर लिहिणाऱ्यांनी टंक या नामापासून ‘टंकणे’ केले, ‘टंकून’ आणि ‘टंकले’ अशी त्याची रूपेही वापरली, आणि हे मला फार मोलाचे वाटते, कारण टंकलेखन करणे या लांबलचक प्रयोगाच्या जागी एक सुटसुटीत धातू मिळाला.

घेतलेला शब्द अर्थासकट येतो असेही समजू नये. बहुतेक वेळा त्याच्या अनेक अर्थांपैकी एकच येतो, आणि पुढे तोही आपल्या वाटेने जातो. बॅटरी म्हणजे विजेचा घट, पण मराठीत हातात धरायच्या विजेरीलाही बॅटरी म्हणतात. रेंज या इंग्रजी शब्दाचे डझनभर अर्थ असतील. आपल्याकडे ‘रेंज नाही’ याचा अर्थ फोनला संदेशलहरी मिळत नाहीत एवढाच. परिभाषाकारांनी डेटासाठी विदा हा शब्द दिला आणि संख्याशास्त्रावरच्या लेखनात तो उपयोगी पडतो, पण ‘आजचा डेटा संपला’ या वाक्यातला डेटा तो नव्हेच; तिथे विदा घातली तर वाक्य निरर्थक होईल. मिस कॉलमध्ये न उचललेला फोन एवढाच अर्थ होता, आपण त्याला ठरवून द्यायची खूण बनवले. जर्मन लोक मोबाइलला ‘हँडी’ म्हणतात, शब्द दिसतो इंग्रजी, पण त्या अर्थाने इंग्रजीत तो नाही. ईमेलच्या पत्त्यातल्या चिन्हाला इटालियन भाषेत गोगलगाय, रशियनमध्ये कुत्रा आणि डचमध्ये माकडाची शेपटी म्हणतात. आपण ‘ॲट द रेट’ म्हणतो, म्हणजे हिशेबाच्या वहीतला दर सांगणारा वाक्प्रयोग आपण पत्त्यात आणून बसवला आहे.

या शब्दांनी लिपीसुद्धा वाढवली. बँक आणि बॉल यांतले स्वर लिहिण्यासाठी मराठीने ॲ आणि ऑ स्वीकारले, आणि ॲप हा शब्द नीट लिहिता यावा म्हणून लागणारे ॲ हे अक्षर २००८ मध्ये युनिकोडच्या, म्हणजे संगणकावर प्रत्येक अक्षराला संकेतांक देणाऱ्या पद्धतीच्या, ५.१ आवृत्तीत स्वतंत्र संकेतांकासह आले. त्याआधी ते अक्षर जुळवून काढावे लागे आणि अनेक टंकांत ते मोडके दिसे.

घडवलेल्या शब्दांचा इतिहास आपल्याकडे मोठा आहे. सतराव्या शतकाच्या उत्तरार्धात शिवाजी महाराजांच्या आज्ञेने राज्यव्यवहारकोश तयार झाला आणि फारसी शब्दांना संस्कृत पर्याय दिले गेले. सरनौबताचा सेनापती झाला, सुरनिसाचा सचिव झाला, पेशव्याचा मुख्य प्रधान झाला. पुढे अठराव्या शतकात पेशव्यांच्या शिक्क्यात मुख्य प्रधान हीच अक्षरे राहिली, पण लोकांच्या तोंडी पेशवेच राहिले. कागद, शाई, तोफ आणि बंदूक यांच्या जागा तर कोणालाच घेता आल्या नाहीत, कारण ते शब्द दरबाराच्या नव्हे तर कारकुनाच्या आणि गोलंदाजाच्या हातात होते. पद निर्माण करणारी सत्ता त्या पदाचे नाव ठरवू शकते. हत्यार वापरणाऱ्या हाताच्या तोंडचा शब्द ती ठरवू शकत नाही.

हाच प्रकार विसाव्या शतकात पुन्हा दिसतो. सावरकरांच्या भाषाशुद्धीच्या चळवळीने पुष्कळ शब्द पुढे आणले. महाराष्ट्रात १९६० मध्ये भाषा संचालनालय आणि केंद्रात १९६१ मध्ये वैज्ञानिक व तांत्रिक शब्दावली आयोग स्थापन झाला आणि परिभाषा निर्मितीला संस्थेचे बळ मिळाले. त्या सगळ्या शब्दांचे पुढे काय झाले ते पाहिले तर एक विभागणी स्पष्ट होते. आकाशवाणी आणि दूरदर्शन हे शब्द सर्वांना माहीत आहेत, पण ते संस्थांची नावे म्हणून. घरातल्या वस्तूला लोक रेडिओ आणि टीव्ही म्हणतात. दिग्दर्शक, चित्रपट, संकलन हे शब्द मात्र बोलण्यातही पक्के झाले, कारण चित्रपटाचा व्यवसाय इथे उभा राहत असतानाच ते त्या व्यवसायातल्या माणसांच्या हाती पडले. संगणक या शब्दाचे यश वेगळ्या प्रकारचे आहे. बोलताना कॉम्प्युटर म्हणणारे असंख्य आहेत, पण कॉम्प्युटरपासून मराठीत पुढे काही निघत नाही. संगणकापासून संगणकीय, संगणकीकरण, संगणकीकृत हे शब्द सहज निघतात, म्हणून लेखनात त्याला पर्याय उरला नाही. भ्रमणध्वनीला असे काही जमले नाही. तो लांब होता, आणि मोबाइल लोकांच्या हातात पोहोचून बराच काळ लोटल्यावर तो त्यांच्यापुढे ठेवला गेला. याउलट संकेतस्थळ वृत्तपत्रांनी लवकर उचलला आणि दुवा तर साखळीतल्या कडीचा अर्थ घेऊन आयताच तयार होता.

वेळेचे महत्त्व इतर भाषांतही दिसते. फ्रान्समध्ये आयबीएम कंपनीने १९५५ मध्ये आपल्या नव्या यंत्रासाठी नाव मागितले आणि झाक पेरे या लॅटिनच्या प्राध्यापकाने ‘ऑर्दिनातर’ म्हणजे क्रम लावणारा हे सुचवले. यंत्र बाजारात येत असतानाच शब्द हजर होता, म्हणून तो टिकला. ईमेलसाठी कॅनडातल्या फ्रेंचभाषक क्वेबेक प्रांतातला ‘कुरिएल’ हा शब्द फ्रान्सने २००३ मध्ये अधिकृत केला, तोपर्यंत फ्रान्समधल्या लोकांच्या तोंडी ‘मेल’ बसला होता आणि तो तिथून हलला नाही. चिनी भाषेत टेलिफोनसाठी आधी ध्वनीवरून ‘दलुफंग’सारखा शब्द चालला, पण नंतर जपानीतून ‘विजेचे बोलणे’ अशा अर्थाचा शब्द आला आणि त्याने आधीच्याला मागे सारले. म्हणजे ध्वनीवरून घेतलेला शब्द हटतच नाही असे नाही. त्याच्या जागी येणारा शब्द आखूड आणि त्या भाषेच्या घडणीत चपखल बसणारा असावा लागतो. आइसलँडच्या भाषेने टेलिफोनला ‘सीमी’ म्हटले, तो धागा या अर्थाचा विस्मृतीत गेलेला जुना शब्द होता, आणि संगणकासाठी १९६५ च्या सुमारास संख्या आणि भविष्य सांगणारी स्त्री या दोन शब्दांचा मेळ घालून ‘तोल्वा’ केला. हे दोन्ही शब्द तिथे रोजच्या बोलण्यात आहेत. त्या भाषेचे लोक थोडे, शाळा आणि माध्यमे एकाच भाषेत चालणारी, म्हणून नवा शब्द सर्वांच्या कानी एकदम पडतो. आपली परिस्थिती तशी नाही आणि त्यांचे यश पाहून आपल्या परिभाषाकारांना दोष देणे अन्यायाचे आहे.

मराठीकरणाच्या कामात हे सगळे रोज हाताशी येते. फोन अडला की माणूस शेजारच्याला विचारतो आणि तो सांगतो, ‘सेटिंगमध्ये जा, खाली सरकव, ब्लूटूथ दिसेल, ते बंद कर आणि परत चालू कर.’ या वाक्यातली नामे इंग्रजी आहेत आणि सर्व क्रिया मराठी आहेत. आता पडद्यावर सेटिंगच्या जागी एखादा घडवलेला शब्द असेल, तर सांगणारा एक शब्द बोलतो आणि ऐकणाऱ्याला दुसराच दिसतो, त्यामुळे मदत तिथेच थांबते. पण ‘शोधा’, ‘पाठवा’, ‘रद्द करा’, ‘हटवा’, ‘पुढे’, ‘मागे’ हे शब्द दिल्यावर कोणीही अडत नाही. म्हणून मी नामांच्या बाबतीत सैल आणि क्रियांच्या बाबतीत आग्रही असतो. या कामात भाषांतरकाराची अडचण बहुतेकदा शब्द न सुचण्याची नसते. त्याच्यासमोर संदर्भाशिवाय एकटा ‘ओपन’ येतो, आणि ती आज्ञा असेल तर ‘उघडा’ लिहावे लागते, स्थिती असेल तर ‘खुले’. इंग्रजीत एकच रूप दोन्हीकडे चालते, मराठीत चालत नाही. पडद्यावरची जी मराठी लोकांना कृत्रिम वाटते, तिच्यातला बराच भाग संस्कृत शब्दांमुळे नव्हे तर अशा चुकलेल्या रूपांमुळे तसा वाटतो.

मग भाषा दुबळी होते का? परक्या नामांची संख्या मोजून याचे उत्तर मिळत नाही. ज्या इंग्रजीतून आपण घेतो तिने अल्गोरिदम नवव्या शतकातल्या अल-ख्वारिझ्मी या गणितज्ञाच्या नावावरून घेतला, रोबोट चेक भाषेतल्या वेठबिगारीच्या शब्दापासून १९२० च्या एका नाटकाच्या मार्गाने घेतला, आणि टेलिफोन ग्रीक तुकड्यांतून जुळवला, अगदी जसा आपण दूरध्वनी संस्कृतातून जुळवला. माझी काळजी वेगळीच आहे. ‘ओपन करणे’, ‘कट करणे’, ‘मिक्स करणे’, ‘सेंड करणे’ हे प्रयोग वाढत आहेत, आणि उघडणे, कापणे, मिसळणे, पाठवणे या धातूंना त्यांच्यामुळे कोणताही नवा अर्थ मिळत नाही. तंत्राच्या पडद्यावर दिसणारी क्रिया हळूहळू पडद्याबाहेरही त्याच नावाने बोलली जाते, आणि दार सुद्धा ओपन होऊ लागते. नाम आले तर एक वस्तू वाढते. क्रियापद गेले तर त्याच्याबरोबर त्याची सगळी रूपे आणि वाक्प्रचार जातात, उघड, उघडपणे, उघडीप, डोळे उघडणे हे सगळे त्या एका धातूवर उभे आहेत. दुसरी काळजी विषयांची आहे. विद्युतमंडल, म्हणजे सर्किट, कसे चालते हे मराठीत समजावून सांगणारी माणसे कमी होत गेली, तर शब्द कोशात कितीही असले तरी ते कोणी उच्चारणार नाही, आणि न उच्चारलेला शब्द व्याकरणात रुळत नाही.

सध्या हे सगळे कृत्रिम बुद्धिमत्तेच्या बाबतीत नव्याने घडत आहे आणि यातले बरेच अजून ठरायचे आहे. कृत्रिम बुद्धिमत्ता हा शब्द वृत्तपत्रांनी वेळेवर उचलला, म्हणून लेखनात तो पक्का होतो आहे आणि बोलण्यात एआय. संगणक आणि कॉम्प्युटर यांच्यासारखीच ही वाटणी होईल असे दिसते. प्रॉम्प्टच्या, म्हणजे काय हवे ते यंत्राला सांगणाऱ्या मजकुराच्या, जागी सूचना सुचवला जातो, पण फोनवर येणाऱ्या निवेदनांसाठी (नोटिफिकेशनसाठी) सूचना आधीच वापरात आहे, त्यामुळे दोन्हींचा गोंधळ होईल. प्रॉम्प्ट राहू द्यावा आणि तो ‘देणे’ किंवा ‘लिहिणे’ या मराठी क्रियांबरोबर चालवावा, असे मला वाटते. मॉडेल ‘ट्रेन करणे’ याची मात्र काहीच गरज नाही, कारण यंत्राला शिकवणे हे सरळ आणि अचूक मराठी आहे. यंत्राने खात्रीच्या सुरात खोटी माहिती दिली तर इंग्रजीत त्यासाठी भासाचा शब्द वापरतात आणि मराठीतही भ्रम किंवा भास असे लिहिले जाऊ लागले आहे. भास होणाऱ्याला काहीतरी दिसत असते, यंत्राला काही दिसत नसते. ते नसलेली गोष्ट जुळवून मांडते. त्यासाठी ‘रचून सांगणे’ हा प्रयोग आपल्याकडे तयार आहे आणि त्याला सगळे काळ, सगळे प्रत्यय लागतात. माझ्या मजकुरात मी सध्या तोच वापरतो, आणि ज्यांना हे यंत्र दुसऱ्याला शिकवायचे आहे त्यांनीही समजावताना तो बोलून पाहावा, अशी माझी विनंती आहे.